नाशिकच्या गच्चीवर ल आव्रचं ऊन: एका संग्रहालयाच्या छपराची प्रतिकृती (प्रकल्प नोंदी)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आमच्या भागातल्या वाचनालयाला गच्चीवर एक खोली बांधायची आहे. नाशिकच्या चित्रकारांची गोदाघाटावरची जलरंगातली चित्रं तिथे टांगायची, आणि दिवसा विजेचा दिवा न लावता ती बघता आली पाहिजेत, अशी समितीची इच्छा. छपरातून प्रकाश घ्यावा हे सगळ्यांना पटलं, पण चित्रांवर ऊन पडू न देता तो कसा घ्यायचा, हे कोणालाच नीट सांगता येईना.

मी चित्रकला शिकवतो. जगात हा प्रश्न कोणी चांगला सोडवलाय हे शोधताना मी सारखा एका इमारतीपाशी येऊन थांबत होतो. फ्रान्समधल्या ल आव्र बंदरातलं आधुनिक कलेचं संग्रहालय, मूमा. आज ठरवलं की त्याच्या मुख्य दालनाचा एक भाग १:५० प्रमाणात करायचा. छप्पर नुसतं दिसायला नाही, खरंखुरं काम करणारं हवं. प्रकाशाच्या बाबतीत छोट्या प्रतिकृतीवर भरवसा ठेवता येतो. आकार, कोन आणि रंग बरोबर असले तर बाहेरच्या प्रकाशाचा जितका हिस्सा खऱ्या दालनात पोचेल, तितकाच खोक्यातही पोचतो.

ल आव्रच का, हे मदतीला आलेल्या विद्यार्थिनींना सांगायला हवं होतं. फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१७ मध्ये वसवलेलं हे बंदर. गोद्या, जहाजं, पुढे तेलशुद्धीकरण. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन फौज आत अडून बसलेली असताना ब्रिटिश विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. सुमारे २,००० नागरिक मेले, मधलं शहर सपाट झालं आणि १८४५ मध्ये उघडलेलं जुनं संग्रहालयही गेलं. बरीचशी चित्रं आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती म्हणून वाचली. शहर पुन्हा उभं केलं ओग्यूस्त पेरे या वास्तुकाराने, काँक्रीटमध्ये, सगळं ६.२४ मीटरच्या चौकटीत बसवून. २००५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. संग्रहालय मात्र गावाने काच, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचं केलं, बंदराच्या तोंडाशी, समुद्राकडे बघणारं. २४ जून १९६१ ला तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्ते ते उघडलं. ज्या गावाने आकाशातून मरण पडताना पाहिलं, त्याने सतरा वर्षांत आकाशाकडे उघडणारं काचेचं छप्पर बांधावं, हे मला फार मोठं वाटतं. मुलींना सांगताना माझा आवाज जरा जड झाला होता.

१७ नोव्हेंबर

रेखाटनं झाली. पाया ९० × ६० सेंमी, म्हणजे प्रत्यक्षातले ४५ × ३० मीटर. पूर्ण इमारत करत नाही. तेवढा पैसा नाही आणि गरजही नाही.

छपराचे थर वरून खाली असे: सगळ्यात वर तिरप्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्याखाली काच, त्याखाली प्रकाश पसरवणारं छत. वास्तुरचना गी लान्यो, मिशेल वेल आणि जाँ दिमित्रीयेविच यांची. वरच्या पट्ट्यांचं काम जाँ प्रुवेचं. प्रुवे मुळात पत्रा वाकवणारा लोहार-कारागीर. माझ्या दृष्टीने या इमारतीचं मर्म त्या पट्ट्यांत आहे, म्हणून आमचा निम्मा वेळ त्यांनाच द्यायचा ठरवलंय.

आमच्या प्रतिकृतीतली पट्टी २० मिमी रुंद, ४५ अंशांत कललेली, खालची कड दक्षिणेला आणि वरची उत्तरेला. दोन पट्ट्यांमध्ये १८ मिमी अंतर. दक्षिणेचं ऊन पट्टीच्या पाठीवर पडून परत जाईल आणि उत्तरेच्या आकाशाचा मऊ प्रकाश फटीतून आत येईल, असा हिशोब.

सातपूरच्या लेझर कटिंगवाल्याकडे फाईल दिली. बुधवारी मतदान आहे. त्याच्याकडे फलकांच्या कामाचा ढीग. "सर, वीस तारखेनंतर या," म्हणाला. आठवडा गेला. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी निवडणूक, गणपती आणि नवरात्र हे दिवस टाळूनच लेझरचं काम लावावं.

२४ नोव्हेंबर

अ‍ॅक्रिलिकचे तुकडे मिळाले. ३ मिमी पारदर्शक, अर्धी शीट २,२०० रुपये.

पहिली भिंत फेविक्विकने चिकटवली. जोड पक्का बसला, पण तासाभरात जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढुरकी साय आली. ती फेविक्विकची वाफ असते, अ‍ॅक्रिलिकवर बसते आणि पुसून जात नाही. काचेची भिंत दाखवायची असेल तर ते तिथेच बाद.

मग क्लोरोफॉर्म आणला. पद्धत अशी: दोन तुकडे आधी कोरडेच काटकोनात उभे करून कागदी टेपने धरायचे, सिरिंजमध्ये थोडं क्लोरोफॉर्म घेऊन सुई जोडाच्या कडेला नुसती टेकवायची. द्रव आपोआप फटीत ओढला जातो आणि जोड बघता बघता काचेसारखा स्वच्छ होतो. दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे काम उघड्या गॅलरीतच करा, खिडकी बंद करून अजिबात नको. आणि मुलींच्या हाती मी ती बाटली दिली नाही. ३५० रुपये.

१ डिसेंबर

पट्ट्यांचा पहिला डाव फसला. २ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या कापून त्यांवर चांदी रंगाचा स्प्रे मारला होता. दुपारी गच्चीवर वाळायला ठेवल्या, चारच्या सुमारास पाहिलं तर निम्म्यांना बाक आला होता. शिवाय २ मिमी जाडी म्हणजे प्रत्यक्षातली १० सेंमी. इतकी जाड कड स्वतःच प्रकाश अडवते, मग मोजमापाला अर्थ उरत नाही. १,१५० रुपये गेले.

उपाय छापखान्यात सापडला. ऑफसेटच्या छपाईच्या वापरून टाकलेल्या प्लेट: अ‍ॅल्युमिनियमच्या, ०.३ मिमी, अगदी सपाट. भंगाराच्या भावात मिळाल्या, १८० रुपयांत गरजेपेक्षा जास्त. छापलेला थर थिनरने पुसला की खाली मंद, चमक नसलेला करडा पत्रा मिळतो. आम्हाला नेमका तोच हवा होता. चकाकणारा पत्रा ऊन आरशासारखं आत फेकतो.

कापायला पत्र्याची कात्री नको, कडा लाटेसारखी होते. पोलादी पट्टी धरून कटरने तीन-चारदा ओरखडायचं आणि मागेपुढे वाकवून तोडायचं. कड ब्लेडइतकी धारदार असते. हातमोजे घाला आणि प्रत्येक पट्टीची कड बारीक पॉलिशपेपरवर एकदा ओढून घ्या.

८ डिसेंबर

पट्ट्या ४५ अंशांत धरायला दोन्ही बाजूंना खाचांच्या अ‍ॅक्रिलिक पट्ट्या लागतात. आम्ही त्यांना फण्या म्हणतो. फाईलमध्ये ०.३ मिमीची खाच काढली होती, म्हणजे जवळजवळ दोन समांतर रेघा. लेझरच्या किरणाला स्वतःचीच जाडी असते, त्यामुळे खाच दुप्पट रुंद झाली आणि पट्ट्या खुळखुळायला लागल्या. एकीचा कोन ४५, शेजारणीचा ४१.

कटिंगवाल्या दादांनीच मार्ग सांगितला: "खाच काढूच नका. एकच रेघ मारा, किरण जितकं खाईल तितकी खाच." तसं केलं. आता पट्टी अंगठ्याने दाबली की आत सरकते आणि तिथेच राहते, डिंकाचा थेंबही लागत नाही. यामुळे पुढे मोठी सोय झाली: अंतर बदलायचं तर नुसती फणी बदलायची, पट्ट्या त्याच.

फण्या पुन्हा कापायचे ६४० रुपये.

१५ डिसेंबर

आता या सगळ्या खटाटोपाचा खरा भाग.

ल आव्रचं ऊन नाशिकला कसं आणायचं? नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, ल आव्र साडेएकोणपन्नासवर. फरक साडेएकोणतीस अंशांचा. प्रतिकृतीची दक्षिणेकडची कड तेवढ्या अंशांनी उचलली की आमच्या गच्चीवरचा सूर्य तिच्या दृष्टीने ल आव्रचा होतो. तारीख तीच, सूर्याप्रमाणे वेळही तीच. ९० सेंमी पायाला दक्षिणेची कड ४४.३ सेंमी वर. सुतारकाकांकडून बिजागरीची चौकट करून घेतली, १,८०० रुपये. ते म्हणाले, "मास्तर, गाव कलतं करून बघायचं म्हणा की." तसंच ते आहे.

दक्षिण दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर सोडू नका, लोखंडी चौकटीजवळ ते भलतीकडेच बोट दाखवतं. जमिनीवर काठी उभी करून तिची सगळ्यात आखूड सावली ज्या रेषेत पडते ती दक्षिणोत्तर.

चौकटीवर ठेवून आत डोकावलो तर दालन सगळीकडून मंद उजळलेलं. छपरावर काळं कापड टाकलं तरी उजेड जाईना. दोष सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या पांढऱ्या फळीचा होता. आतल्या भिंती ५ मिमी सनबोर्डच्या आहेत आणि तो उन्हात चक्क पाझरतो. हाताने धरून सूर्याकडे बघितलं तर बोटांची सावली पलीकडून दिसते. बाहेरून सगळीकडे काळा कार्डपेपर आणि जोडांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावली. संध्याकाळ गेली, पण हे न करता घेतलेलं प्रत्येक मोजमाप खोटं ठरलं असतं.

२१ डिसेंबर, शनिवार

वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, आणि आकाश निरभ्र.

नाशिकला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आज सूर्याची दुपार १२ वाजून ३३ मिनिटांनी होती.

त्या वेळी ल आव्रला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. छपरातून उन्हाचा एक ठिपकाही आत आला नाही. पट्ट्यांनी काम चोख केलं. पण दक्षिणेच्या काचेच्या भिंतीतून ऊन आडवं घुसलं आणि दालनाच्या आतपर्यंत जमिनीवर पसरलं. या कोनात काचेच्या दर मीटर उंचीमागे सव्वातीन मीटर ऊन आत येतं. मोबाईलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा (७५० रुपये) जमिनीपासून ३.२ सेंमीवर धरला, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. पडद्यावर जे दिसलं ते पाहून दोघी मुली काही वेळ बोलल्याच नाहीत. लांब सावल्या, करडी जमीन, आणि वर छताला एकसारखा दुधाळ उजेड.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या गच्चीला उष्णता कमी करायचा पांढरा रंग दिलेला आहे. खोकं कलतं केल्यावर उत्तरेची काच गच्चीकडे बघते आणि खालून उजेड आत उसळतो. समोर सहा फुटांपर्यंत काळं कापड अंथरलं, तेव्हा कुठे फोटो खरे आले.

५ जानेवारी २०२५

संग्रहालयासमोर समुद्राच्या बाजूला आँरी-जॉर्ज आदामचं काँक्रीटचं प्रचंड शिल्प आहे, "ल सिन्याल". २२ मीटर लांब, वजन २२० टनांच्या घरात, आणि मधल्या पोकळीतून समुद्र दिसतो. आमच्या प्रमाणात ४४ सेंमी. पायावर मावेना म्हणून ३० सेंमीची जोडफळी लावली.

थर्माकोलवर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवून केलं. सुंदर झालं होतं. चौकट उचलली आणि ते घसरून गच्चीच्या कठड्यावर आपटलं, निमुळतं टोक गेलं. एम-सीलने टोक परत घडवलं आणि खालून दोन स्क्रू मारून ते जखडून टाकलं. कलत्या फळीवर नुसतं ठेवलेलं काहीही राहत नाही. आतल्या भिंतींनाही मग खालून खुंट्या बसवल्या.

प्रकाश मोजण्यासाठी या शिल्पाची काहीच गरज नव्हती, असं समितीतले एकजण म्हणाले. मला ते हवं होतं. त्या पोकळीशिवाय इमारत कुठे उभी आहे ते कळतच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पतंग. काम बंद, खोकं जिन्यात. तरी एक मांजा पट्ट्यांत अडकला आणि ओढला गेला तेव्हा दोन पट्ट्या वाकवून गेला. नवीन कापल्या.

९ फेब्रुवारी

लक्समीटर, म्हणजे लक्स या एककात प्रकाश मोजणारं यंत्र आलं, १,६५० रुपये. आधी मोबाईलच्या अ‍ॅपवर घेतलेले सगळे आकडे रद्द. तेच खोकं, तीच जागा, फोन जरासा फिरवला की आकडा दीडपट. नुसतं "जास्त-कमी" बघायला अ‍ॅप चालेल, निर्णय घ्यायला नाही.

मीटरचं सेन्सर अडीच सेंमी उंच. १:५० मध्ये ते सव्वा मीटरचं धूड होतं आणि स्वतःच सावली पाडतं. जमिनीला भोक पाडून ते खालून असं बसवलं की पांढरी घुमटी जमिनीच्या पातळीत येईल.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? जगभरची संग्रहालयं जलरंग, पेस्टल, कागदावरची कामं यांना ५० लक्स आणि तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास प्रकाश देतात. आमच्या गच्चीवर भर दुपारी बाहेर एक लाख लक्स. एक लाखाचे पन्नास करायचे आहेत, हे लिहून काढल्यावर समितीला पहिल्यांदा कळलं की नुसती खिडकी मोठी करून भागणार नाही.

आज सूर्याची दुपार १२:४९ ला. डिसेंबरपेक्षा सोळा मिनिटं उशिरा. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी दर महिन्याला ही वेळ नव्याने काढावी. पंधरा मिनिटांच्या चुकीत सावली चांगली चार अंश फिरते.

२ मार्च

आत चित्रं लावली. मुलींनी हौसेने छोट्या छपाया काढल्या होत्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १९०४ चं कमळांचं चित्र प्रत्यक्षात ९० सेंमीच्या आसपास, इथे दोन सेंमीहून कमी. तरी भिंतीवर लागल्यावर खोकं एकदम दालन झालं.

त्यांनी मोनेचं उगवत्या सूर्याचं चित्रही आणलं होतं, "इम्प्रेशन". ते मी काढायला लावलं. मोनेने ते ल आव्रच्याच बंदरावर १८७२ मध्ये रंगवलं, पण ते टांगलेलं आहे पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात. प्रतिकृती करायची तर भिंतीवर तिथे नसलेलं चित्र नको, मग ते कितीही प्रसिद्ध असो.

त्या जागी बुदँचे ढग लावले. यूजेन बुदँ, जवळच्या ओंफ्लरचा. ल आव्रमध्ये त्याचं कागद आणि चौकटींचं दुकान होतं. शाळकरी वयाच्या मोनेला चित्राचं सामान घेऊन उघड्यावर रंगवायला त्यानेच ओढलं. आकाशाचा अभ्यास करताना तो चित्रावर तारीख, वेळ आणि वारा कुठला ते लिहून ठेवायचा; कवी बोदलेअरने १८५९ मध्ये याची मुद्दाम दखल घेतली. बुदँ वारल्यावर त्याच्या भावाने १९०० मध्ये दोनशेहून जास्त कामं या संग्रहालयाला दिली. आकाश रंगवणाऱ्या माणसाची चित्रं आकाशाच्याच उजेडात बघायची, म्हणून हे छप्पर.

रामकुंडावर पहाटे बसून रंगवणारे आमचे चित्रकार आणि बुदँ एकाच जातकुळीचे. मी मुलींना सांगितलं, यापुढे घाटावर स्केच केलं की मागे वेळ आणि वारा लिहायचा.

खोक्याचा दोष: दुहेरी टेपने लावलेलं छताचं कागदी अस्तर उन्हात सुटून खाली लोंबलं. काळ्या कापडाखाली आतलं तापमान चांगलंच चढतं. टेप काढून कडेने अ‍ॅक्रिलिकची बारीक पट्टी दाबून बसवली. अस्तर ट्रेसिंग पेपरचंच ठेवलं. दुधी अ‍ॅक्रिलिक लावून पाहिलं होतं, त्याने अंधार झाला.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. मुली रहाडीला (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदावर) गेलेल्या, त्यांच्या अंगावरून रंग अजून उतरला नव्हता. खोक्याला हात लावायचा तर कापड गुंडाळून, अशी तंबी देऊन काम सुरू केलं.

आज दिवस-रात्र समान. आजच्या दिवशी एक विशेष असतं: सूर्य दिवसभर एकाच कलत्या पातळीत फिरतो. म्हणून पूर्व-पश्चिम लावलेल्या पट्ट्यांवर सकाळी नऊला ऊन ज्या तिरक्या रेषेत येतं त्याच रेषेत दुपारी चारलाही येतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला नोंद घेतली. छपरातून ऊन एकदाही आत आलं नाही. आकडा हळूहळू चढला, हळूहळू उतरला.

आमच्या पट्ट्यांचा हिशोब असा. २० मिमीची पट्टी ४५ अंशांत कलली की तिची आडवी पडछाया १४ मिमी. अंतर १८. वरून सरळ बघितलं तर ४ मिमी फट उरते. दक्षिणेचं ऊन साडेचौऱ्याहत्तर अंशांहून चढं झालं तरच या फटीतून गळतं. ल आव्रला भर जूनमध्येही दुपारचा सूर्य ६४ अंशांवर थांबतो, म्हणून तिथे दुपारी ही फट निर्धोक. उलट ती हवीच. करड्या समुद्री आकाशाच्या गावात प्रकाशाचा थेंबन्‌थेंब लागतो.

२३ मार्च

मग चौकट आडवी केली. आता खोकं नाशिकचं.

जूनपर्यंत थांबायला नको म्हणून जुनी युक्ती केली. पुठ्ठ्यावर ३ सेंमीचा खिळा उभा करून, २१ जूनला नाशिकमध्ये त्याची सावली कुठे पडेल ते बिंदू आखले. पुठ्ठा पायाला चिकटवला. खोकं दोघींनी हाताने हवं तसं कलवायचं, सावलीचं टोक हव्या बिंदूवर आलं की त्या क्षणी आतलं ऊन २१ जूनचं.

दुपारचा बिंदू आखतानाच समितीतले काका थबकले. सावली दक्षिणेला, जेमतेम २ मिमी. "दक्षिणेला कशी?" नाशिकमध्ये २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या आसपास, मधल्या काळात दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. उत्तरेचा प्रकाश मऊ आणि सुरक्षित, हे आम्ही पुस्तकांतून घेतलेलं. जूनमध्ये इथे उत्तरेलाच सूर्य असतो.

आत पाहिलं. ट्रेसिंग पेपरचं अस्तर काढून ठेवलं होतं. भिंतीवर, बरोबर बुदँच्या ढगांवरून, उन्हाच्या सरळ पांढऱ्या रेघा उतरलेल्या. एकेक रेघ ४ मिमी रुंद, कडा धारदार. जलरंगाचं चित्र असतं तर एका उन्हाळ्यात त्याला पट्टे पडले असते. या पट्ट्यांच्या अंतरावर नाशिकला दुपारचं ऊन एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गळेल. ल आव्रमध्ये चोख चाललेलं माप आपल्याकडे निम्मं वर्ष कुचकामी.

फण्या बदलून अंतर १२ मिमी केलं. दुपारच्या रेघा बंद. सावली सकाळी नऊच्या बिंदूवर आणली (पश्चिमेला २६ मिमी, दक्षिणेला ६) तर पुन्हा बारीक रेघा, या वेळी ईशान्येकडून. मग पट्ट्यांच्या वर काटकोनात, दक्षिणोत्तर, १४ मिमी उंचीच्या उभ्या पट्ट्या १२ मिमी अंतरावर बसवल्या. छपराची चौकोनी जाळी झाली. नऊच्या रेघाही गेल्या.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ढगाळ दुपारी, एकाच जागी, अस्तरासह: १८ मिमीवर ३८० लक्स, १२ मिमीवर २१०, जाळीसह १३०. मला हा तोटा वाटत नाही. आपल्याकडे आकाश इतकं उजळ आहे की १३० सुद्धा जलरंगांना जास्तच.

६ एप्रिल

रामनवमी. पंचवटीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून बैठक संध्याकाळी वाचनालयात. खोकं टेबलावर, एंडोस्कोपचं चित्र भिंतीवर.

ठरलं ते असं. छपराला जाळी, माप प्रतिकृतीचं, प्रत्यक्षात पट्टी एक मीटर रुंद नको म्हणून सगळं समान प्रमाणात लहान करून. कोन आणि गुणोत्तर तेच राहिलं की ऊन तसंच अडतं. काच लॅमिनेटेड, कारण तिच्यातला प्लास्टिकचा थर अतिनील किरण बहुतेक अडवतो. अस्तराखाली मांजरपाटाचा सरकता पडदा, उन्हाळ्यात ओढायचा. आणि एकच चित्र वर्षभर टांगायचं नाही. ५० लक्समध्ये रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर चित्राला १,२०,००० लक्स-तास बसतात. आमच्याकडे प्रकाश जास्त, म्हणून दर चित्र तीन-चार महिने, मग पेटीत विश्रांती. एका चित्रकारांना हे रुचलं नाही, पण त्यांचंच चाळीस वर्षांपूर्वीचं दिवाणखान्यात टांगलेलं चित्र काढून चौकटीखालचा मूळ निळा दाखवल्यावर ते कबूल झाले.

पट्ट्या साफ कशा करायच्या यावर वाद राहिला. ल आव्रला खारा वारा, आपल्याला धूळ. आठवडाभर गच्चीवर राहिलेल्या खोक्यात आकडा डोळ्यांदेखत उतरला होता. शेवटी जाळी चार तुकड्यांत करायची, प्रत्येक तुकडा दोन माणसांना उचलता यावा असा.

खर्च: अ‍ॅक्रिलिक २,२००, लेझर (फण्यांसह) २,९००, प्लायचा पाया १,४००, चौकट १,८००, लक्समीटर १,६५०, एंडोस्कोप ७५०, रंग ६००, क्लोरोफॉर्म ३५०, प्लेट १८०, प्लास्टर १२०. एकूण ११,९५०. वाया गेलेल्या पट्ट्यांचे १,१५० धरून १३,१००. पुन्हा कोणी करणार असेल तर लक्समीटर आणि ऑफसेटच्या प्लेट पहिल्या आठवड्यातच आणा, आमचा जानेवारी वाचला असता.

फण्यांच्या दोन्ही फाईल, १८ आणि १२ मिमीच्या, वाचनालयाच्या संगणकावर ठेवल्या आहेत. मागितल्या की मिळतील. खिळ्याचा पुठ्ठा नाशिकचा आहे, दुसऱ्या गावासाठी बिंदू नव्याने आखावे लागतील. २१ जूनला पाऊस नसला तर खोकं पुन्हा गच्चीवर आडवं ठेवून सकाळी नऊचं खरं ऊन तपासायचं, आणि मगच पत्रेवाल्याला माप द्यायचं.